उकंडरावची सही

पौषातल्या सोमवारी सकाळी गोजरबाई फावडं खांद्यावर टाकून वावरात आली, तेव्हा तिच्या विहिरीवर दुसऱ्याचं इंजिन बोंबलत होतं.

इंजिन नवं होतं, हिरव्या रंगाचं, आणि नव्या जावयासारखं उगाच धूर सोडत होतं. बैलांच्या धावेवर मोट कोरडी पडली होती. तिच्या वाफ्यांकडं जाणारा पाट ढेकळं घालून बुजवलेला, आणि सगळं पाणी बांध फोडून शेजारच्या अर्जुनरावच्या केळीत चाललं होतं. गोजरबाईनं लुगडं खोचलं, फावड्याच्या दोन घावांत ढेकळं उडवली आणि पाणी आपल्या वांग्यांकडं वळवलं. वांगी काय, ज्यानं पाजलं त्याचं पितात. त्यांना कागद कळत नाही.

केळीतून अर्जुनराव आला. धोतराचा सोगा हातात, तोंडात पान, आणि चालणं असं की घाई दुसऱ्यानं करावी.

"वयनी, आज सोमवार हाये."

"मले ठाऊक हाये. सोमवारी माह्या हिरीले उपास असते का?"

"सोमवार ते गुरुवार पानी माह्यं. सुक्कर ते आइतवार तुमचं. अकरा सालं."

"कोनं ठरवलं हे? तुमच्या बापानं?"

"तुमच्या घरच्यानं," अर्जुनरावनं पिंक टाकली. "कागद हाये. मलकापूरले रजिस्टर झाला. खाली सही हाये, मोठी, ठळक. उकंडराव गोविंदा सातव."

"त्याह्यले सही येते तशी म्हशीले पोह्यता येते. म्हनून काय म्हशीले डोंगा हाकाले देतात?"

"ते तुमी घरी इचारा." अर्जुनरावनं वाकून एकेक ढेकूळ पुन्हा पाटात बसवलं, भिंत रचणाऱ्या गवंड्यासारखं. "तोंडाच्या गोष्टी तोंडातच राह्यतात, बाई. कागद बोलते. सही म्हंजे सही."

वयनीची बाई झाली, हे गोजरबाईच्या ध्यानात आलं. माणूस नातं कोणत्या घडीला खाली ठेवतो, हे ती बरोबर टिपून ठेवी.

आता या सहीचं मूळ सांगितलं पाहिजे.

उकंडरावच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून तिसऱ्याला आईनं उकिरड्यावर लोळवलं आणि नाव उकंडा ठेवलं, की यमाला किळस यावी. यम फसला. पोर जगलं, वाढलं, चांगलं पाच एकर ओलिताचं वावर कसू लागलं. भाजीपाला असा पिकवी, की मोताळ्याच्या बाजारात त्याच्या वांग्यांची पाटी आधी रिकामी व्हायची. सगळं होतं, अक्षर तेवढं नव्हतं. त्याची कधी खंतही नव्हती.

पण गेल्या साली, म्हणजे त्रेसष्टात, गावात साक्षरतेचा वर्ग निघाला. दिवेलागणीला शाळेच्या ओट्यावर बावीस जण बसू लागले. त्यातले सतरा जण पंधरा दिवसांत पांगले. उकंडराव टिकला. चार महिन्यांत त्याला तीन शब्द लिहिता येऊ लागले: उकंडराव, गोविंदा, सातव. चौथा शब्द कधी आला नाही. पण पंचायत समितीची मंडळी पाहायला आली, तेव्हा त्यानं फळ्यावर ते तीन शब्द असे घोटून काढले की मास्तरच्या डोळ्यांत पाणी आलं. उकंडरावला नारळ मिळाला, टाळ्या मिळाल्या, आणि त्या दिवसापासून त्याच्या बंडीच्या खिशाला पेन लागला.

मग काय. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, यानं नव्वद केले. दारावर सही, ज्वारीच्या कणगीवर सही, लिंबाच्या खोडावर विळ्यानं कोरून सही. गावात कोणाचा कागद झाला की लोक गालात हसत म्हणत, "साक्षीदार पायजे? उकंडरावले बलावा, पेन बी त्याचाच राह्यते." आणि आंगठा देणारा कोणी दिसला की उकंडराव अंगावरून पाल गेल्यासारखं तोंड करी.

त्या सोमवारी गोजरबाई घरी आली, तेव्हा तो ओसरीत अंबाडीचा दोर वळत बसला होता.

"अर्जुनरावच्या कागदावर सही केली तुमी?"

"हाव. दिवाळीनंतर. इंजिन बसवाले आपली हरकत नाई म्हनून."

"काय लिव्हलं होतं त्यात?"

"सांगतलं ना. हरकत नाई म्हनून."

"ते अर्जुनरावनं सांगतलं. कागदानं काय सांगतलं?"

उकंडरावनं दोराचा पीळ उलटा सोडला आणि पुन्हा वळायला घेतला.

"वाचला का तुमी?"

"सही केली म्हनतो ना."

"मी वाचला का इचारून राह्यली."

पडवीत ज्वारीचं एक पोतं उभं होतं, मागल्या महिन्यात अर्जुनरावकडून आलेलं. गोजरबाईनं त्या पोत्याकडं पाहिलं.

"अन् हे पोतं?"

"मले वाटलं, दिलदारीनं धाडलं."

"अर्जुनरावनं? जो मानूस बैलाच्या तोंडचं कनीस हिसकते?" ती पायरीवर बसली. "सासूबाईनं उकिरड्यावर लोळवून तुमाले यमापासून वाचवलं. अन् तुमी कागदावर मेले."

दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याला घेऊन मोटारीनं मलकापूरला गेली. अख्ख्या रस्त्यात दोघांमध्ये एक शब्द झाला नाही. मोटारीतल्या बायांनी तिला दोनदा विचारलं, "कोनी आजारी हाये का माय?" ती म्हणाली, "हाव, हीर."

कचेरीच्या आवारात लिंबाखाली निवृत्ती अर्जनवीस बसे. लोकांचे कागद लिहिता लिहिता त्याची पाठ कमान झाली होती, आणि पाच मिनिटांत समोरचा माणूस खरं बोलतो की खोटं, हे त्याला टाकाच्या टोकाइतकं बारीक समजे. उकंडरावला पाहताच तो म्हणाला, "या, शिकेल-सवरेल मानूस. बसा."

"याह्यचा कागद तुमीच लिव्हला?" गोजरबाईनं विचारलं.

"मीच लिव्हला. अकरा सालाचा पट्टा. हिरीचं पानी हप्त्यातून चार दिवस, बदल्यात दर साल ज्वारीचं एक पोतं."

उकंडराव पायाच्या नखानं माती उकरू लागला.

"याह्यनं न वाचता सही केली. तो कागद खोटा करा."

निवृत्तीनं चष्मा काढून उपरण्याला पुसला. "बाई, एक इचारतो. यानं आंगठा दिला असता तं मी आज तुमाले म्हनलो असतो, चाला वकिलाकडं. कोर्ट पयले अर्जुनरावले इचारते, हा अडानी मानूस, याले कागद वाचून दाखवला का? याच्या बोलीत समजून सांगतला का? कोन होतं तथी? सिद्ध करा. अर्जुनरावले घाम फुटला असता. पन यानं सही केली. सही पायली का कोर्ट म्हनते, गडी शिकेल हाये, लिव्हलेलं समजून लिव्हून देलं. वाचलं नाई तं त्याची चूक. झोपेत होता का? नाई. दारू पेला होता का? नाई. कोनं मानेवर पाय देला होता का? नाई. मंग काय करते कोर्ट?"

"पन फसवलं ना त्याह्यले. हरकतीचा कागद सांगतला."

"साक्षीदार कोन? अर्जुनरावनं सांगतलं तवा मी टाक भिजवून राह्यलो होतो, मले आयकू आलं नाई. अन् पुढची गोष्ट आयका." निवृत्तीनं उकंडरावकडं बोट केलं. "मी याह्यले म्हनलो, उकंडराव, वाचून दाखवतो, आयकून घ्या. तं हे काय म्हनले? सांगा, उकंडराव, तुमीच सांगा."

उकंडराव जमिनीकडं पाहत पुटपुटला, "म्हनलो... मी काय आंगठाछाप हाव का, वाचून दाखवाले."

"अस्सं. मंग निबंधक सायबानं इचारलं, मजकूर वाचला? हे म्हनले हाव. कबूल? हे म्हनले कबूल, असे मोठ्यानं का बाह्येरचा शिपाई आत आला."

नवऱ्याला शिव्या घालायची ही जागा नव्हती, आणि शिव्यांनी पाटाला पाणी येत नसतं. मग तिनं विचारलं, "अर्जुनरावनं वाचला का?"

निवृत्तीचा चष्मा नाकावर थांबला.

"नाई," तो सावकाश म्हणाला. "त्याह्यले वाचता येते, चांगलं येते. पन हे नको म्हनले तवा तेबी घाईघाईनं म्हने, राहू द्या, मंडळी शिकेल हाये, मोटार सुटीन. याह्यच्या कानावर पडू नये म्हनून त्याह्यनं सोताबी आयकला नाई."

"मंग मले वाचून दाखवा. समदा. मी आंगठाछाप हाव."

निवृत्तीनं पेटीतून कच्ची नक्कल काढली आणि वाचायला लागला. तारीख, गावं, चतुःसीमा, दिवस, पोतं. गोजरबाई डोळे मिटून ऐकत होती, जसं बाजारात नाणं वाजवून पाहावं. नवव्या कलमाला तिनं डोळे उघडले.

"हे पुन्हा वाचा."

"'दर साल उन्हाळ्यात विहिरीतील गाळ काढणे पट्टेदाराकडे. कोणीही पाणी उपसण्यापूर्वी सकाळी मोजता पाणी चार हातांपेक्षा कमी भरल्यास, नोटीस पोचल्यापासून तीस दिवसांत पट्टेदाराने स्वखर्चाने विहीर आणखी किमान सहा हात खोल करावी. तोवर पाण्याचा पहिला हक्क मालकाचा. न केल्यास पट्टा रद्द.'"

"हे अर्जुनरावनं सांगतलं होतं लिव्हाले?"

"त्यानं दिवस अन् सालं सांगतली. बाकीचं म्हने, नेमाप्रमानं लिव्हा. माह्या नेमात हे कलम हाये, बाई. वीस सालांपासून हिरीच्या हर कागदात घालतो. एका आटलेल्या हिरीवरून दोन सख्खे भाऊ याच कचेरीत म्हातारे झालेले पायले म्या."

"अर्जुनरावच्या सहीलेबी कोर्ट तसंच म्हनीन का? वाचलं नाई तं त्याची चूक?"

"तसंच. सही काय जात पाह्यते? दोन्हीकडून बांधते."

"अजून एकदा वाचा," गोजरबाई म्हणाली. तिसऱ्या वाचनाला तिचे ओठ सोबत हलत होते. मग तिनं रजिस्टर नक्कल मागायचा अर्ज करायला लावला. या खेपेला उकंडरावनं पेन खिशातून काढला नाही.

गावाला वाटलं होतं, गोजरबाई आता वेशीत उभी राहून अर्जुनरावच्या सात पिढ्या धुवेल. लोक दोन दिवस कान टवकारून होते. ती काही बोलली नाही. सोमवार ते गुरुवार तिनं पाटाला फावडं लावलं नाही. उलट गुरुवारी सांजच्याला बांधावरून म्हणाली, "अर्जुनराव, घ्या आनखी घटकाभर. कागदात सूर्य बुडेपावतर लिव्हलं हाये."

अर्जुनराव आधी बिचकला. मग सोकावला. इंजिन दिवसभर ठकठक करू लागलं. केळी पिसाटल्यासारखी वाढली. येता-जाता तो बांधावर थांबे.

"काय बाई, कायदा पचला का?"

"पचून राह्यला. जड हाये थोडा."

"उकंडराव, ये ना, इंजिनावर सही करून दे. बोडकं दिसते."

उकंडराव मान खाली घालून निंदत राही.

दर शुक्रवारी सूर्य उगवायच्या आधी गोजरबाई दोराला दगड बांधून विहिरीत सोडी. ओला दोर वर ओढून हातानं मोजी आणि तिथं एक गाठ मारी. पौषात दोर नऊ हात भिजला. माघात सात. फाल्गुनात साडेपाच. इकडं तीन दिवसांच्या पाण्यावर वांगी जगेनात. तिनं मिरचीचा अर्धा तुकडा आपल्या हातानं उपटला, फुलावर आलेला. उरलेल्याला डोक्यावर घागरी वाहिल्या. त्या सालात मोताळ्याच्या बाजारात तिच्या पाट्या पाचाच्या दोन झाल्या. तिच्या जागेवर दुसरी बाई बसू लागली, तेही तिनं पाहून ठेवलं.

एकदा न राहवून उकंडराव म्हणाला, "तो हीर आटवून राह्यला. भांडू तरी."

"आटवू द्या. जितकी लवकर आटवीन तितकं बरं. गरज आपल्याले नाई, त्याच्या केळीले हाये. घड धरले का पाह्यले?"

"धरले."

"मंग झालं."

चैत्राच्या दुसऱ्या शुक्रवारी दोर साडेतीन हात भिजला. शनिवारी पहाटे तिनं कोतवालाला आणि दोन म्हाताऱ्या पंचांना विहिरीवर बोलावलं, त्यांच्यासमोर दोर सोडला, त्यांच्याच हातांनी मोजला. सोमवारी मलकापूरहून रजिस्टर नोटीस सुटली. बुधवारी टपालवाल्यानं अर्जुनरावची सही घेऊन ती त्याच्या हातात दिली. पाकीट फोडायच्या आधी त्यानं सही केली. सवय.

घटकाभरात तो उकंडरावच्या अंगणात होता. तोंडात पान नव्हतं.

"हे काय लावलं तुमी? मी हीर खोदू? तुमची हीर? माह्या पैशानं?"

"मी कुठी म्हनलं?" गोजरबाई तांदूळ निवडत होती. "कागद म्हनते."

"मले हे कलम कोनं सांगतलं नाई."

"वाचाचं होतं."

"त्या निवृत्तीनं घुसाडलं ते."

"खाली सही कोनाची हाये? मोठी, ठळक." तिनं सुपातला एक खडा वेचून अंगणात टाकला. "तोंडाच्या गोष्टी तोंडातच राह्यतात, अर्जुनराव. नाई पटत तं सोडा. पट्टा रद्द. इंजिन उचला, आपल्या घरी नेऊन पूजा करा."

अर्जुनराव बांधापलीकडं पाहू लागला. दोन एकर केळ, हरेक झाडाला घड, आणि पुढं वैशाख पुरा. त्याच्या स्वतःच्या विहिरीला बारा हातांवर काळा पाषाण लागला होता, म्हणून तर हा सगळा खटाटोप.

"बाई, शेजारी हाव आपन."

"आत्ता झालो का शेजारी? पौषात तं तुमी सोमवार मोजत होते."

तो मलकापूरला वकिलाकडं जाऊन आला. वकिलानं त्याला तेच सांगितलं जे निवृत्तीनं गोजरबाईला सांगितलं होतं, फक्त फी घेऊन. चौथ्या दिवशी विहिरीवर वडारांची टोळी उतरली. सुरुंगांनी वावर हादरू लागलं. गोजरबाई रोज काठावर येऊन बसे आणि वर येणाऱ्या दगडांकडं घरच्या लग्नातल्या आहेरासारखं पाही. पहिला हक्क मालकाचा, म्हणून तळाशी जे काही साचे ते पहाटे तिच्या वांग्यांना जाई, आणि अर्जुनरावच्या केळीचं पान कडेनं करपू लागे. चौथ्या हातावर त्यानं विचारलं, "पुरे नाई का?" ती म्हणाली, "सहा."

पाचव्या हातावर खडकाची चीर फुटली आणि मनगटाएवढा झरा उसळला. वडार ओले होऊन वर पळाले. अर्जुनरावनं कपाळाला हात लावला. विहीर सातवाची, झरा सातवाचा. अकरा सालांनी इंजिन त्याचं निघून जाईल, पाणी राहील.

सहा हात पुरे झाले त्या दिवशी तो कागद घेऊन विहिरीवर आला. स्वतः लिहिलेला, चार ओळींचा.

"खोदकाम झालं असं लिव्हलं. सही करून दे, उकंडराव. म्हंजे पुन्हा झंझट नको."

उकंडरावनं खिशाला हात लावला. पेन होता. पौषापासून त्यानं काढला नव्हता, आणि हात तिकडं आपोआप गेला होता. गोजरबाईनं दोराची गुंडाळी करणं थांबवलं.

"वाचून दाखवा," उकंडराव म्हणाला.

"अबे, चार तं वळी हायेत."

"वाचून दाखवा."

अर्जुनरावनं वाचलं. तीन ओळी मोठ्यानं आणि चौथी जरा घाईत.

"शेवटची पुन्हा वाचा."

"'...आणि यापुढे कलम नऊ लागू राहणार नाही.'" अर्जुनरावनं कागदाची घडी घातली. "ते उगाच, नेमाप्रमानं."

"ती खोडा. पूर्ण खोडा, माह्यासमोर."

वडार हातातली कामं ठेवून बघत होते. अर्जुनरावनं ओळ खोडली. मग उकंडरावनं पेनचं टोपण काढलं, उलटा धरला, शाईचा एक थेंब डाव्या आंगठ्यावर पाडला आणि बोटानं पसरवला.

"अबे, तुले सही येते ना?"

"येते," उकंडराव म्हणाला. "पन आंगठ्याले वाचून दाखवा लागते." आणि त्यानं कागदावर आंगठा दाबला, चांगला वेळ.

तो सोमवार होता. अर्जुनरावनं इंजिनाचं हँडल फिरवलं आणि गोजरबाईच्या विहिरीचं नवं पाणी बांधावरून केळीत गेलं. गोजरबाई आपल्या कोरड्या पाटाच्या तोंडाशी फावडं टेकवून उभी होती. तिनं पाटाला हात लावला नाही. अकरातलं पहिलं साल अजून सरायचं होतं. मिरचीचा अर्धा तुकडा रिकामा पडला होता, तिथं काय लावावं याचा ती विचार करू लागली. शुक्रवारी पाणी तिचं होतं.